शेतमालाची मालमोटार व तिचा चालक

नागपूर हें हिंदुस्थानच्या मध्यभागीं वसलेलें आहे, हें वाक्य या भागांतील प्रत्येक शाळकरी मुलानें एकदां तरी वहींत लिहिलेलें असतें. शून्य मैलाचा तो दगडी खांब दाखवावयास गुरुजी मुलांना नेतात, आणि खांबापेक्षां त्याच्या शेजारचे चार घोडे मनांत ठेवून मुलें घरीं परततात. परंतु हें मध्यवर्ती स्थान प्रत्यक्षांत ज्यांच्या हातापायांवर चालतें, त्या माणसांचा उल्लेख भूगोलाच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि हजिरा येथून निघून पारादीप बंदरास पोंचणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग हे नागपुरास एकमेकांस भेटतात. २०१० सालीं क्रमांक बदलले. तत्पूर्वीं नागपुरावरून जाणाऱ्या याच रस्त्यांना ७ व ६ म्हणत, आणि जुन्या चालकांच्या तोंडांत तेच आंकडे बसलेले आहेत. त्यांत २०२२ च्या डिसेंबरांत समृद्धि महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा खुला झाला, व ५ जून २०२५ रोजीं मुंबईच्या बाजूचा शेवटचा टप्पा खुला होऊन तो ७०१ किलोमीटरांचा रस्ता पुरा झाला.

या राजरस्त्यांवरून धांवणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांविषयीं पुष्कळ बोललें जातें. येथें विचार करावयाचा आहे तो त्याहून आखूड, धुळीच्या व खांचखळग्यांच्या वाटेचा. काटोल, नरखेड, सावनेर, उमरेड, कुही, भिवापूर अशा तालुक्यांतील शिवारांतून निघून नागपुरांतील कळमन्याच्या बाजारापर्यंत येणाऱ्या वाटेचा, आणि त्या वाटेवर मालमोटार चालविणाऱ्या माणसाच्या नोकरीचा. ही नोकरी कशी मिळते, तींत काय करावें लागतें, आणि तिचा मोबदला कोणत्या मापानें मोजतात, हें खेड्यांतील सर्वांस ठाऊक असतें असें आपण धरून चालतों. वस्तुतः ज्याच्या हातीं वर्षाची कमाई सोंपवून शेतकरी रात्रीं घरीं जातो, त्या माणसाचा स्वतःचा हिशेब त्यानें क्वचित्‌च विचारलेला असतो.

मोटार येण्यापूर्वीं हा धंदा वेगळा असा नव्हताच. १८६७ सालीं मुंबईकडून येणारा लोहमार्ग नागपुरास पोंचला. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरांत सुरू झाली. आणि वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनींतील कापूस बंड्यांत भरून जिनांकडे व बाजारांकडे निघूं लागला. बंडी शेतकऱ्याची, बैल शेतकऱ्याचे, कापूस शेतकऱ्याचा, आणि कासरा धरणारा शेतकरी स्वतः किंवा त्याचा सालदार. बाजारांत दोन दिवस ताटकळावें लागलें, तर ते दोन दिवस त्याच घरचे जात. बैलांपुढें कडबा टाकावा, बंडीखालीं घोंगडी पसरावी, आणि पाळी येईपर्यंत पडून राहावें, असा तो प्रकार होता. नुकसान होई, पण तें एकाच चुलीपाशीं मांडलें जाई. मालमोटारीनें ही एकी मोडली. आतां माल एकाचा, गाडी दुसऱ्याची आणि चाक तिसऱ्याच्या हातीं. बैलांच्या चालीनें जो पल्ला दिवसाचा, तो मोटारीनें तासा-दीड तासावर आला. थांबण्याचा वेळ मात्र जवळजवळ होता तितकाच राहिला. हा थांबण्याचा वेळ तिघांपैकीं कोणाच्या खातीं मांडावयाचा, हें ठरवावयाचें तेवढें राहून गेलें. या नोकरींतील बहुतेक कष्टांचें मूळ शोधूं गेलें असतां तें येथेंच सांपडतें.

नोकरी मिळण्याची रीत जुनीच आहे. खेड्यांतील मुलगा दहावीच्या आगेंमागें शाळा सोडतो, आणि ओळखीच्या चालकाबरोबर क्लीनर म्हणून गाडीवर चढतो. चालकास तो ‘उस्ताद’ म्हणतो, आणि या एका शब्दांत त्या शिक्षणाची सारी पद्धत आली. कांच पुसणें, रेडिएटरांत पाणी भरणें, चाकांवर हातोडी ठोकून नुसत्या आवाजावरून हवा ओळखणें, चढावर गाडी थांबली कीं उडी टाकून चाकामागें दगड लावणें, गाडी मागें घेतांना अंधारांत पाठीमागें उभें राहून हांक देणें, आणि सर्वांत अवघड म्हणजे ताडपत्री व दोर बांधणें. दोर कसा आंवळावा हें पुस्तकांतून शिकवितां येत नाहीं. सैल बांधला तर माल वळणावर सरकतो, फार आंवळला तर वरच्या थरांतील फळांचा चेंदा होतो. दोन-तीन हंगाम असे गेल्यावर एखाद्या मोकळ्या रस्त्यावर उस्ताद बाजूला सरकतो आणि मुलाच्या हातीं चाक देतो. कायद्याच्या दृष्टीनें हें शिक्षण नव्हेच, आणि तें योग्यहि नव्हे. पण ग्रामीण भागांत मोटार चालविण्याच्या शाळा इतक्या विरळ आहेत कीं बहुसंख्य चालक याच वाटेनें आलेले आहेत.

कायद्याची वाट अशी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें भाड्याची मालगाडी चालविण्यास वयाचीं २० वर्षें पुरीं व्हावीं लागतात, आणि हलक्या गाडीचा परवाना निदान एक वर्ष जवळ असल्यावांचून अशा गाडीचा शिकाऊ परवानाहि मिळत नाहीं. यांत लहान गाड्यांपुरती एक मोठी सवलत न्यायालयांतून आली. मालासह ज्या गाडीचें एकूण वजन ७,५०० किलोंच्या वर जात नाहीं, ती गाडी हलक्या मोटारीच्या साध्या परवान्यावर चालवितां येते, निराळ्या नोंदीची जरुरी नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं दिला, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें तोच कायम केला. या निर्णयाचें महत्त्व शहरांतील लोकांस सहसा कळत नाहीं. खेड्यांतील मुलाची पहिली नोकरी मोठ्या गाडीवर नसते. ती टेम्पोवर किंवा पिकअपवर असते. २००५ सालीं टाटांची ‘एस’ ही चिमुकली मालगाडी बाजारांत आली आणि लोकांनीं तिला ‘छोटा हाथी’ असें नांव दिलें. ज्या पांदण रस्त्यावर मोठी मालमोटार फसते, तेथें हा हाथी शेताच्या धुऱ्यापर्यंत जातो. अशा गाडीच्या अपघातानंतर विमा कंपनी परवान्यांतील नोंदीचा वाद काढी, आणि भरपाईचें ओझें कर्जबाजारी मालकाच्या डोक्यावर येण्याची भीति असे. ती भीति आतां पुष्कळशी दूर झाली.

दुसरा फरक शिक्षणाचा. मालगाडीच्या परवान्यास पूर्वीं आठवी इयत्तेची अट होती. २०१९ सालीं केंद्र सरकारनें ती काढून टाकली. कौशल्य हातांत असतें, पाटीवर नसतें, आणि गरिबाची भाकरी एका दाखल्यावांचून अडूं नये, हें त्यामागील म्हणणें खरें आहे. तथापि या नोकरींत वाचावयास लागतें तितकें पुष्कळ कारकुनांनाहि लागत नसेल. बिल्टी, वजनकांट्याची पावती, परवाना, विमा, फिटनेसचा कागद, वळणावरची पाटी, आणि मोबाईलवर आलेला दंडाचा संदेश, हें सर्व चालकासच वाचावें लागतें. ज्याला वाचतां येत नाहीं त्याचा कागद दुसरा कोणी वाचतो, आणि तो दुसरा बहुधा त्याच्या बाजूचा नसतो. अट गेली तेव्हां तिच्या जागीं पुरेशी शिकवणी आली असती तर बरें झालें असतें.

नोकरी बारमाही म्हणतात, परंतु शेतमालाच्या चालकाचें पंचांग वेगळें असतें. जूनमध्यें खत आणि बियाणें शहराकडून गांवाकडे जातें. जुलै ते सप्टेंबर हे महिने ओसाड; त्या दिवसांत कोणी उमरेडच्या कोळशावर जातो, कोणी सिमेंटवर, कोणी नुसता घरीं बसतो. ऑक्टोबर उजाडतांच एकाच वेळीं सर्व कांहीं येतें: सोयाबीन, आंबिया बहाराचीं संत्रीं, पाठोपाठ कापूस, आणि पूर्वेकडचें धान. भिवापूरच्या बाजूची लाल मिरची हिवाळा संपतां संपतां निघूं लागते. तिची खेप नको म्हणणारे चालक पुष्कळ, कारण त्या गाडीवर ताडपत्री सोडणाऱ्याचे डोळे दिवसभर चुरचुरतात आणि हातांची आग रात्रीं पाण्यानेंहि जात नाहीं. फेब्रुवारी ते एप्रिलपर्यंत मृग बहाराचीं संत्रीं. मग मे महिन्याचा जाळ. अशा रीतीनें सहा-सात महिन्यांत वर्षाची कमाई करावयाची असल्यामुळें हंगामांत झोंप हीच पहिली वस्तु विकली जाते.

संत्र्याची खेप हें या धंद्यांतील सर्वांत नाजूक काम होय. ‘नागपूर संत्रा’ या नांवास २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. काटोल-नरखेड आणि पलीकडे अमरावती जिल्ह्यांतील वरुड-मोर्शी हा त्याचा मुख्य मुलूख. आंब्याचें फळ आढींत पिकतें. संत्र्याचें तसें नाहीं. झाडावरून तोडलें त्या घटकेस त्यांत जी गोडी असेल तीच शेवटची. त्यानंतर तें केवळ उतरणीस लागतें. शिवाय तोडलेलें फळहि श्वास घेत असतें आणि त्यांतून उष्णता निघते. हजारों फळें एका ठिकाणीं दाबून वर घट्ट ताडपत्री घातली, तर आंत भट्टीच तयार होते. म्हणून जाणता चालक ताडपत्री पुढच्या बाजूस बोटभर उघडी ठेवतो, म्हणजे गाडी चालतांना वारा आंत शिरतो. आणि गाडी थांबली कीं ती मागूनहि सोडतो. सुटा माल असेल तेव्हां तळाशीं व कडांना धानाचें तणस अंथरतात. प्लॅस्टिकचे कॅरेट असले तर काम सोपें होतें, पण गाडींत माल कमी मावतो, आणि रिकामे कॅरेट परत आणावे लागतात.

तोडणी दिवसा होते, भरणी संध्याकाळीं संपते, आणि सकाळच्या लिलावाआधीं गाडी कळमन्यास लागली पाहिजे. म्हणजे प्रवास रात्रीचा. अंतर पहावें तर काटोलहून नागपूर साठ किलोमीटरांच्या आंतबाहेर; पण पहिले चार-पांच किलोमीटर बागेंतून डांबरी रस्त्यापर्यंतचे, आणि चालकाची परीक्षा तेथेंच होते. प्रत्येक खड्ड्यांत खालच्या थरावर वरच्या सर्व थरांचें वजन एकदम आदळतें. संत्र्याच्या सालींत तेलाच्या बारीक पिशव्या असतात. त्या फुटल्या कीं साल डागाळते, आणि तेथून बुरशीला वाट मिळते. हा डाग बाजारांत लगेच दिसत नाहीं, दोन-तीन दिवसांनीं दिसतो. त्यामुळें चांगल्या चालकाची चांगुलकी ज्याच्या पदरांत पडते तो व्यापारी दूर कोठें तरी असतो, आणि शाबासकी चालकापर्यंत परत येत नाहीं. वाईट चालकाचा दोष मात्र बागायतदाराच्या नांवावर जातो. ‘या गांवचा माल टिकत नाहीं’ असें बाजारांत बोललें जातें. बागेची मशागत, छाटणी, फवारणी यांवर शेतकरी हजारों रुपये घालतो. आणि शेवटच्या रात्रीं दोनशें रुपये भाडें कमी सांगणाऱ्या गाडीवर तोच माल चढवितो. हा व्यवहार शहाणपणाचा नाहीं.

लांबच्या खेपांचीहि एक हकीकत सांगण्यासारखी आहे. नागपूरच्या संत्र्याचें एक मोठें परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. गाड्या ५३ क्रमांकाच्या रस्त्यानें रायपूर, संबळपूरवरून पूर्वेस जात आणि बंगालमधील पेट्रापोलच्या सीमेवर जाऊन उभ्या राहत. तेथील रांग प्रसिद्धच आहे. फळ श्वास घेतें आहे, ऊन तापतें आहे, आणि चालक कागदाची वाट पाहतो आहे. पुढें बांगलादेशानें आयात-कर वाढवीत नेला. २०१९ सालीं किलोमागें २० टका असलेला कर २०२३ सालीं ८८ टका झाला. त्यामुळें निर्यात आटली, संत्र्यांचे भाव पडले आणि बागायतदारांची ओरड वर्तमानपत्रांत छापून आली. या खेपांवर ज्यांचे संसार उभे होते त्या चालकांचें काय झालें, हें मात्र कोणीं छापलें नाहीं. २०२० सालीं नागपुराहून दिल्लीस संत्र्यांसाठीं किसान रेल निघाली तेव्हां मालमोटारीचें काम गेलें असें कांहींना वाटलें होतें. परंतु आगगाडी शेताच्या धुऱ्यावर येत नाहीं. बागेपासून फलाटापर्यंत आणि तिकडे फलाटापासून मंडईपर्यंत माल मोटारीनेंच न्यावा लागतो, व चढउतार मात्र दुप्पट होतो.

कापसाची अडचण निराळी. सरकीसह कापूस हा जितका दिसतो तितका भारी नसतो. गाडी वजनाआधीं आकारानें भरते. म्हणून बांबू उभे करून, जाळी लावून, माल फळक्याच्या कितीतरी वर चढवितात, आणि गाडी चालतें-बोलतें गवताचें गंजच दिसूं लागते. गांवांतून निघतांना विजेच्या तारा खालीं लोंबत असतात, आणि क्लीनर वर बसून काठीनें तार उचलतो, हें दृश्य ज्यांनीं पाहिलें आहे त्यांच्या अंगावर काटा आल्यावांचून राहात नाहीं. ही काठी कधींहि हातीं घेऊं नये. तार लोंबत असेल तर गाडी थांबवून वीज कंपनीस कळवावें, हाच एक उपाय आहे. दुसरें भय आगीचें. एक ठिणगी वाऱ्यावर पेटली कीं गाडी वांचत नाहीं. म्हणून कापसाच्या गाडीपाशीं बिडी ओढणाऱ्यास जुने चालक आईबापाचा उद्धार करून हांकलीत. तिसरी गोष्ट ओलाव्याची. सरकारी खरेदींत कापसांतील ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पुरा भाव मिळतो, १२ टक्क्यांपर्यंत असला तर भाव कापून माल घेतात, आणि त्याहून अधिक असला तर माल परत जातो. आतां गाडी सकाळीं केंद्रावर आली, पाळी रात्रीं लागली नाहीं, आणि मध्यरात्रीं दंव पडलें किंवा अवकाळी सर आली. ओलावा वाढला तो कोणाच्या दोषानें? शेतकरी चालकाकडे पाहतो, चालक रांगेकडे पाहतो.

महाराष्ट्रांत १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदीची योजना होती, त्या काळीं केंद्रापुढें बंड्या व गाड्यांच्या रांगा लागत, त्याची आठवण वृद्ध माणसांस अजून आहे. योजना संपली, रांग संपली नाहीं. जिनिंगच्या फाटकापाशीं, वजनकांट्यापाशीं, हमालांच्या जेवणाच्या सुटींत, लिलाव उशिरा सुरू झाला म्हणून, व्यापाऱ्याचा माणूस आला नाहीं म्हणून, गाडी उभीच असते.

आतां मोबदल्याचा प्रश्न. शेतमालाच्या चालकास बहुधा थोडा पगार महिन्याचा आणि वर भत्ता खेपेचा, अशी व्यवस्था असते. कित्येक ठिकाणीं सगळेंच खेपेवर. खेप म्हणजे माल चढला व उतरला. तीं दोन टोकें जोडणारा प्रवास दोन तासांचा असो, आणि दोन्ही टोकांस मिळून अठरा तास थांबणें असो, खेप एकच. शेतकऱ्यास वाटतें, भाडें दिलें म्हणजे आपलें देणें फिटलें. मालक म्हणतो, गाडी उभी असली तर माझाच हप्ता बुडतो, चालकास मी कोठून देऊं? व्यापारी तर या हिशेबांत येतच नाहीं. प्रत्येकाचें म्हणणें आपापल्या जागीं खोटें नाहीं, आणि म्हणूनच गोष्ट तशीच चालत राहते. बंडीखालीं झोंपणारा शेतकरी स्वतःच्या मालाची राखण करीत होता. गाडीखालीं झोंपणारा चालकहि राखणच करतो, पण ती परक्याच्या मालाची, आणि बिनपगारी.

कायद्यानें याचा विचार केलाच नाहीं असें नव्हे. मोटार वाहतूक कामगारांसाठीं १९६१ सालीं केलेल्या कायद्यानें दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास, पांच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांति, आणि आठवड्यास एक सुटी, असें बांधून दिलें होतें. नियम उत्तम होते. पण तो कायदा पांच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या धंद्यास लागू होता. आणि तालुक्याच्या गांवीं एक किंवा दोन गाड्या असलेल्या मालकापाशीं एक चालक व एक क्लीनर, यापलीकडे कामगार असतात कोठें? शेतमाल वाहणाऱ्या या लहान गाड्या कायद्याच्या जाळ्याच्या भोंकांतून सुटून गेल्या. २०२५ च्या नोव्हेंबरांत नव्या श्रमसंहिता अमलांत येऊन अशा जुन्या कायद्यांची जागा त्यांनीं घेतली आहे. त्यांचा हात एका गाडीच्या मालकापर्यंत किती पोंचतो, त्यावर खेड्यांतील चालकाचें हित अवलंबून राहील.

याबाबतींत पुढारलेल्या देशांतहि सर्व गोड आहे असें समजूं नये. युरोपांत साडेचार तास गाडी चालविल्यावर पाऊण तास थांबणें सक्तीचें आहे. अमेरिकेंत एका पाळींत अकरा तासांहून अधिक गाडी चालवितां येत नाहीं. परंतु पेरणीच्या व सुगीच्या दिवसांत शेतमाल १५० मैलांच्या टापूंत न्यावयाचा असेल तर त्याच सरकारनें हें घड्याळ बाजूस ठेवलें आहे, कारण पीक घड्याळ ओळखत नाहीं. मात्र तेथें एक चाल घेण्यासारखी आहे. माल चढविण्या-उतरविण्यास साधारणपणें दोन तास मोकळे धरतात, आणि त्यापुढें गाडी अडवून ठेवली तर तासामागें निराळा आकार मागण्याची रीत व्यापारांत रुळलेली आहे. ती नेहमीं पाळली जाते असें नाहीं, पण मागणाऱ्यास तोंड असतें. कळमन्याच्या बाजारांत किंवा एखाद्या जिनच्या फाटकावर गाडी आंत शिरल्याची व बाहेर पडल्याची वेळ एका चिठ्ठीवर लिहून देणें, यास नवा कायदा लागत नाहीं. एक कारकून आणि एक घड्याळ पुरे. अशी चिठ्ठी हातीं असली तर थांबण्याचा वेळ निदान मोजला जाईल, आणि मोजलेल्या गोष्टीचा भाव आज ना उद्यां ठरतो, हें बाजारांतल्या माणसास सांगावयास नको.

वजनाचा मामला याहून कडू आहे. २०१८ च्या जुलैमध्यें केंद्र सरकारनें गाड्यांची भारमर्यादा वाढविली. सहाचाकी मालमोटारीचें मालासह एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेलें, दहाचाकीचें २५ वरून २८.५ टनांवर. चालकांचा अनुभव असा कीं मर्यादा वाढली तसा हांवरेपणाहि वाढला. २०१९ च्या दुरुस्तीनें जादा भारास वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनास दोन हजार, असें ठरलें. माल किती भरावयाचा हें ठरवितो मालक किंवा व्यापारी. पण रस्त्यावर अडविला जातो चालक, आणि उतारावर ब्रेक लागला नाहीं तर मरतोहि चालकच. दंडाची रक्कम पगारांतून कापण्याची धमकी देणारे मालक आहेत, तसेच जादा माल नाकारणाऱ्या चालकाच्या पाठीशीं उभे राहणारेहि आहेत; दुसऱ्या प्रकारच्या मालकांपाशीं चालक वर्षानुवर्षें टिकतात, ही गोष्ट ज्यांना चालक मिळत नाहींत अशांनीं ध्यानांत घ्यावी.

२०२४ च्या जानेवारीच्या पहिल्या दोन दिवशीं देशभर चालकांनीं गाड्या उभ्या केल्या, तेव्हां पंपांवर इंधनासाठीं लागलेल्या रांगा पाहून या नोकरीचें महत्त्व शहरांतील लोकांस एकदम कळलें. कारण होतें भारतीय न्याय संहितेंतील १०६ व्या कलमाचें दुसरें उपकलम. अपघातांत मनुष्य मेला आणि खबर न देतां चालक पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद, असें तें होतें. पळून जाणें हें निंद्यच. त्याचें समर्थन कोणींहि करूं नये. परंतु चालकांचें म्हणणें असें कीं थांबलें तर जमाव मारतो, आणि मोठ्या गाडीचा लहान गाडीशीं अपघात झाला कीं चूक मोठ्याचीच धरतात. १ जुलै २०२४ रोजीं संहिता अमलांत आली, त्या वेळीं तें उपकलम लागू करण्यांत आलें नाहीं.

सुखसोयींच्या बाबतींत एक पाऊल पुढें पडलें आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व मोठ्या मालमोटारींच्या केबिनींत वातानुकूलन असलेंच पाहिजे असा नियम झाला. मे महिन्यांत नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. त्या वेळीं इंजिनाच्या शेजारीं लोखंडाच्या पेटींत बसून आठ-दहा तास काढणें म्हणजे काय, हें ज्यानें भोगलें त्यासच कळतें. अर्थात् नियम नव्या गाड्यांस आहे. महामार्गावर दहा वर्षें राबून थकलेल्या गाड्या शेवटीं खेड्यांत येतात व शेतमालावर लागतात; तेव्हां ही थंडाई काटोल-कुहीच्या चालकापर्यंत पोंचावयास कांहीं वर्षें जावीं लागतील.

मुलानें चालक व्हावें असें म्हणणारा चालक आज शोधून सांपडत नाहीं. लग्नाच्या बैठकींत ‘मुलगा गाडीवर असतो’ म्हटलें कीं मुलीकडचे लोक पान खाण्याचें निमित्त करून उठतात. तरीहि हंगाम आला कीं गांवांतील तरुण चाकापाशीं येतात, कारण चार एकर कोरडवाहू जमिनींत भावांचे वांटे पडल्यावर जें उरतें त्यावर घर चालत नाहीं, आणि शहरांतील कारखान्यांत जागा सर्वांस मिळत नाहीं. त्यांतील हुशार मुलें थोड्या वर्षांत कर्ज काढून स्वतःची लहान गाडी घेतात. गंमत अशी कीं येथें बंडीचा जुना संसार पुन्हां जुळतो: गाडी त्याची, चाक त्याच्या हातीं, आणि पुष्कळदां मालहि घरचा किंवा भावकीचा. अशा मुलास थांबण्याची किंमत कोणी सांगावी लागत नाहीं. बाजारांत पाळी लांबली तर तो दुसऱ्या बाजारास फोन लावतो, परतीचें भाडें शोधतो, आणि मिळालें नाहीं तर शेजाऱ्यासाठीं खताचीं पोतीं तरी घेऊन जातो. हप्ता चुकला तर गाडी जाते, ही तलवार त्याच्याहि डोक्यावर असतेच. पण खेपेचा हिशेब त्याच्या स्वतःच्या वहींत असतो.

सकाळीं आठ-नऊच्या सुमारास कळमन्याच्या बाजारांत संत्र्यांचे ढीग लागतात, बोली चढते, उतरते, आणि हमाल गाड्या मोकळ्या करूं लागतात. ज्याची गाडी लवकर मोकळी झाली तो तणस झाडून, रिकामे कॅरेट एकांत एक बसवून, दोर गुंडाळतो, आणि चहा घेऊन ऊन चढण्याच्या आंत काटोल रस्त्याला लागतो. ज्याची मोकळी झाली नाहीं तो वजनाच्या पावतीची वाट पाहत, ताडपत्रीची घडी डोक्याखालीं घेऊन, गाडीच्या सावलींत आडवा होतो. त्याच संध्याकाळीं त्याला दुसऱ्या बागेंत भरणीस जावयाचें असतें, आणि झोंपेची जी घटका मिळेल ती तेथेंच घ्यावयाची असते.